पाच गाठी

आबा, काल मी एका माणसाचा दात पाडला. इथं पानिपतला चादरीच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या मागावर असतो. जेवणाच्या सुट्टीत सांगत होता, बापाच्या आतड्याचा कॅन्सर काढला, रोगाच्या गाठीही काढल्या, आता केमो कशाला. त्याचं बोलणं संपायच्या आत माझी मूठ बसली. दोघांनी मागून धरलं तरी मी लाथा घालतच होतो. ते वाक्य माझं होतं. तुम्हाला मी तेच सांगितलं होतं.

तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा कापलेलं आतडं बरणीत घालून माझ्याच हातात दिलं, लॅबला पोचवा म्हणून. बरणी मांड्यांत दाबून मी गाडीवर निघालो. सात रस्ता चौकात एक रिक्षा आडवी आली. एका हातात बरणी, दुसऱ्या हातानं मी त्या रिक्षावाल्याची कॉलर धरली. "दिसत न्हाय का? बाप हाय ह्यात." त्यानं बरणीकडे बघून रिक्षा मागं घेतली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आतड्याजवळच्या सतरा गाठी तपासल्या, पाचांत रोग. डॉक्टर म्हणाले, म्हणजे रोग आतड्यातून निघून पुढं चाललाय. दिसलं तेवढं काढलं, न दिसणारं राहिलं असेल. सहा महिने केमो घेतली तर परत यायची शक्यता कमी होते. मी बाहेर जाऊन थोडी दारू घेतली आणि वॉर्डात आलो. तोंडाला वास आला म्हणून तुम्ही टाके ओले असताना स्टीलचा डबा फेकून मारला. माझी भुवई फुटली. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "आजारी हायती म्हणं. नेम तर लई चांगला की." वॉर्ड हसला. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तुम्ही विचारता, "काय म्हणला डॉक्टर?"

"गाठी काढल्या. संपलं सगळं. केमो न्हाय लागत."

दोन महिन्यांनी तुम्ही अक्कलकोट रोडच्या कारखान्यात परत मागावर उभे. रोज वाटायचं, उद्या सांगू. उद्या तुम्ही परत हात उचलायचा, आणि मी म्हणायचो, एवढा जोर हाय म्हणजे बरा झालाय की म्हातारा.

दीड वर्षानं रोग लिव्हरमध्ये निघाला. डॉक्टर चिडले, केमो का घेतली नाही. मी भिंतीकडे बघत होतो. तुम्ही माझं मनगट धरलंत, नखं रुतेपर्यंत. "पोराला काय कळतंय डॉक्टर, सहावीतनं पळालेलं ते. मीच नीट इचारलं न्हाय." शाळेतनं पळालो म्हणूनच तर आयुष्यभर मारलंत मला.

तुम्ही गेलात, तरी आई अजून लोकांना तसंच सांगते, पोराला रिपोर्ट कळला नाही. मी मान हलवतो. हे लिहिलेला कागद मी तिलाही दाखवणार नाही, फाडून टाकीन. आबा, डॉक्टरांनी त्या दिवशी पेननं आतड्याचं चित्र काढून, त्याच्या कडेला पाच गोल करून दाखवले होते. "कळलं का?" असं दोनदा विचारलं. मला पहिल्याच वेळी कळलं होतं.