जुन्या नकाशात धरण नव्हतं

आत्या, हे मी जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. तुमच्या मुलाने, म्हणजे यांनी, कॉम्प्युटरवरच्या विमानाचं चाक याच टेबलाला शिकंजा लावून आवळलं होतं. लाकडाच्या कडेला दोन खोल वण अजून आहेत. तुमची नात म्हणते, आई, टेबल बदलूया. मी बरं म्हणते आणि विषय तिथेच राहतो. तुम्हाला लिहायला बसले कारण मला तुमच्या गावाबद्दल एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही. तुमच्या वयाचे सगळे गेले. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा हे तुमच्या कडेवर होते, त्यांना काही आठवत नव्हतं. आणि आता हेही नाहीत.

लोकांच्या घरी कॉम्प्युटर हिशेबाला आला, मुलांच्या अभ्यासाला आला. आपल्या राजाजीनगरच्या घरात तो पडद्यावर विमान उडवायला आला. हे कारखान्यातून यायचे, चहा घ्यायचे आणि कॅबिनेटचं झाकण उघडून बसायचे. शनिवारी एसपी रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन कधी मेमरी आणायची, कधी पंखा, कधी कुणीतरी काढून टाकलेलं ग्राफिक्सचं कार्ड. आधी जॉयस्टिक होती, मग चाक आलं, मग पायाने दाबायची पेडलं यांनी स्वतःच प्लायवूड आणि दाराच्या बिजागऱ्या लावून केली. ती फरशीवर सरकायची, म्हणून यांनी ती तुमच्या जेवायच्या पाटावर ठोकली. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलात ते मला डोळ्यांसमोर दिसतं.

"माझ्या पाटाला भोकं पाडलीस की रे."

"आई, पाट जड आहे, हलत नाही."

"मग मी आता जेवू कशावर? तुझ्या विमानात?"

त्या दिवसापासून तुम्ही खुर्चीवर बसून जेवायला लागलात आणि गुडघ्यांना तेच बरं पडलं, हे मात्र कधी कबूल केलं नाहीत. विमान उतरत असलं की मला मिक्सर लावायची बंदी होती. मिक्सर फिरला की पडदा थरथरायचा आणि एकदा तर कॉम्प्युटर बंद पडून विमान धावपट्टीच्या जरासं आधीच नाहीसं झालं. तुम्ही म्हणालात, "चटणीनं विमान पाडलं बघ तुझ्या बायकोनं." हे आठवडाभर कारखान्यात तेच सांगत होते.

मग तो रविवार. तुम्ही ताटात तांदूळ निवडत होतात. यांनी हाक मारली, "आई, ये, तुला गावाला नेतो." तुम्ही म्हणालात, "मला ओकारी येती. पिशवी घेऊन बसू काय?" पण ताट घेऊन आलात. बंगळूरच्या जुन्या विमानतळावरून निघालो. यांनी वेळ पळवली, तुमकूर गेलं, हुबळी गेली, बेळगावच्या पुढे उत्तरेला वळलो. त्या काळी खाली काही दिसायचं नाही, आत्या. घरं नाहीत, झाडं नाहीत, सतरंजी अंथरावी तसं हिरवं, आणि त्यातून निळी रेघ, ती नदी. तुम्ही चष्मा कपाळावर सारून अगदी जवळ वाकलात.

"घरं कुठं हाईत?"

"घरं नाहीत यात. आपलं कार्ड लहान आहे, इतकंच काढतं."

"आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"धरणाचं रे."

हे पण वाकून बघायला लागले. चाक सोडलं म्हणून विमान हळूहळू कलत होतं. मग म्हणाले, "नकाशा जुना आहे, आई. यात धरणच नाही." तुम्ही ताटातले तांदूळ उगाच एका बाजूला केलेत. "मग तसंच ऱ्हाऊ दे," म्हणालात.

त्यानंतर रविवारी जेवणं झाली की तुम्ही न बोलावता येऊन बसता. पिठाचं बोट काचेला लावता, त्या जुन्या पडद्याची काच चरचरते, तुम्ही बोट मागे घेता आणि पुन्हा लावता. हितं आमचं घर. हितनं नदीला जायची वाट. हितं मारुतीचं देऊळ, त्याच्या पायऱ्या एका अंगाला खचलेल्या. मी ओल्या हाताने दारात उभी राहून ऐकते. मी तर या घरात आले ते गाव बुडून वर्षं लोटल्यावर. मला ते गाव म्हणजे तुमचं बोट आणि काचेवरचे पिठाचे ठिपके, एवढंच माहीत. एकदा घर नदीच्या अलीकडे असायचं, एकदा पलीकडे. मी एकदा म्हणालेही, "आत्या, मागच्या रविवारी घर त्या काठाला होतं."

"तू कवा गेलीस गं तिकडं? देवनहळ्ळीची तू. तुझी मराठी म्हंजे कानडीला नेसवलेलं लुगडं, आणि मला माझं घर दाखवतीस."

हे हसले, मीही हसले. भांडी घासायची होती, मी आत गेले.

विमानाबरोबर आलेलं जाड पुस्तक इंग्रजीत होतं. माझी शाळा सातवीत सुटली, पण वाचायची हौस काही सुटली नाही, हे तुम्ही जाणता. भाजी शिजेपर्यंत मी ओट्यावर कोश उघडून ते वाचायची. यांना चष्मा काढायचा-घालायचा कंटाळा, म्हणून उडण्याआधी काय काय तपासायचं ते मी वाचून दाखवायची आणि हे एकेका बटणाला हात लावायचे. पुढे कारखान्यातल्या एका मित्राने नव्या नकाशाची सीडी आणून दिली. रस्ते, धरणं, सगळं जिथल्या तिथे. यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, आपलं मशीन एवढं ओढणार नाही. किती मेमरी लागते ते खोक्याच्या मागे छापलेलं होतं. मी वाचलं. आपल्या मशीनमध्ये तेवढी होती. मी खोकं होतं तिथे ठेवून दिलं. तुम्ही गेल्यावर वाटलं, आता तरी ती सीडी घालतील. नाही घातली. रविवारी हे एकटेच जायचे, नदीच्या त्या वळणावर एक घिरटी घालायचे आणि परत फिरायचे. उतरताना हाक मारून सांगायचे, "आलो गं, आता लाव मिक्सर."

हे गेले त्यानंतर बरेच दिवस मी त्या खोलीत फक्त झाडायला जात होते. मग एके दुपारी मन घट्ट करून बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. रिक्षात घालून मशीन एसपी रोडला नेलं. दुकानदाराने झाकण काढलं आणि म्हणाला, "कपॅसिटर सगळे फुगलेत, अक्का. डिस्कही बोलत नाही. असा बोर्ड आता कुठे मिळतो? स्वल्प दिवस द्या, बघतो." पुढच्या आठवड्यात फोन आला. "आगल्ल, अक्का." होणार नाही. एवढंच. मी त्याला म्हटलं, सरी, बरं, ठेवा तुमच्याकडेच. फोन ठेवल्यावर मला यांच्या जाण्यापेक्षा वेगळं काही रडू आलं असं नाही. तेच रडू होतं, थांबलेलं.

आता तुमच्या नातीने नवीन आणलं आहे. इंदिरानगरच्या ऑफिसात काम करते, अर्धा आठवडा घरूनच. दोन रुंद पडदे, आणि ग्राफिक्सचं कार्ड लाटण्याएवढं लांब. पेडलं तिने विकतची घेतली. तिला बापाची आठवण येते तेव्हा ती उडते, असं मला वाटतं. मी विचारत नाही. एका रविवारी म्हणाली, "बस, आई, बाबा जायचे तिथे जाऊ." आता देवनहळ्ळीहून, नव्या विमानतळावरून निघावं लागतं. खाली एकेक छप्पर दिसतं, गच्चीवरच्या टाक्यासुद्धा. बेळगावच्या पुढे नदीचं ते वळण आलंच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, त्यावर ऊन, आणि आमच्या विमानाची सावली. मला माहीत नव्हतं असं नाही, आत्या. पण मी ते पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, परत फीर.

तिने विचारलं, मग मी सगळं सांगितलं, तुम्ही तसंच ऱ्हाऊ दे म्हणालात तेही. ती काही दिवस त्यावर खटपट करत होती. काल मला बोलावलं. "आई, पाणी काढता येतं. हे बघ." पाणी गेलं आणि खाली मातीच्या रंगाची सपाट जमीन आली. "घरंही मांडता येतात. सांग, आजीचं घर कुठे होतं? कुठला काठ?"

हेच मला विचारायचं होतं. कुठला काठ, आत्या? तुमचं बोट मला दोन्हीकडे दिसतं. मी अलीकडचा सांगितला, कारण ती माझ्याकडे बघत होती आणि मला माहीत नाही असं म्हणवेना. मग वाट सांगितली, देऊळ सांगितलं, खचलेल्या पायऱ्या सांगितल्या. तिने एकेक ठेवलं. "आणि विहीर?" मी म्हटलं, परड्यात, डाव्या हाताला. चौकोनी, दगडी, आत उतरायला पायऱ्या, काठावर रामफळाचं झाड. रामफळ तिच्याकडे नव्हतं, तिने दुसरंच कुठलं तरी झाड लावलं. "आजीने तुला इतकं सांगितलं होतं?" मी मान डोलावली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही कुठून सांगणार? पण तुमच्या परड्यात मी काय ठेवलं ते तुम्हाला कळायला हवं. विहिरीबद्दल तुम्ही कधी एक शब्द बोलला नव्हतात. ती माझ्या वडिलांच्या देवनहळ्ळीच्या शेतातली आहे. तिथे आता प्लॉट पाडून घरांचं लेआउट झालं आहे, विहीर बुजवून वरून रस्ता गेला. जमीन समोर मोकळी दिसली आणि माझ्या तोंडून ती निघून गेली.