पोटातली वाळू

शिमोनिता, २४ जानेवारी

मित्सुयो हिस,
फुसाएताईचे आशीर्वाद.

पत्राच्या डोक्यावर हवापाण्याची विचारपूस असावी, हे मीच शाळेत मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं. इथे थंडी आहे, डोंगर पांढरे झालेत. झाली विचारपूस.

काल तुझ्या यजमानांचा, शिगेओंचा फोन आला. औषधाच्या दुकानातली नोकरी तू सोडलीस, जेवणाचं ताट ढकलून देतेस आणि विचारलं की एकच म्हणतेस, "मी आईला मारलं." आईच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीलाही येणार नाहीस म्हणे. माझे फोन तू घेत नाहीस. म्हणून हे लिहिणं भाग पडलं. शिगेओ उद्या दुपारच्या गाडीनं इथे येतील, त्यांच्याच हाती हे पत्र देईन. पोस्टाचा भरवसा आहे, पण तू पाकीट फोडशील याचा नाही.

आधी इकडचं सांगते. वरच्या उतारावरचा मळा मी शेजारच्या ओगिवारांना कसायला दिला. कोन्याकूचे बियाणाचे कंद माडीवर गरम जागेत ठेवलेत, थंडी लागली तर कुजतील. आईच्या खोलीतला, आजारपणासाठी मिळालेला पलंग सरकारी माणसं परत घेऊन गेली. खोली मोठी दिसते.

आता तू पाठवलेल्या कोन्याकूच्या पावडरीविषयी. ती वाईट नव्हती. हे मी मास्तरीण म्हणून लिहिते आहे, मोठी बहीण म्हणून नव्हे. आईला किती वर्षं त्रास होता तुला माहीत आहे. चार-चार दिवस पोट साफ नाही, मग कुंथणं, आणि त्या कुंथण्यानं छातीत धडधड. तुझा डबा आला तेव्हा ती पोट धरून हसली होती. "बघ गं, आपल्याच डोंगरातला कंद ओसाकाला जाऊन, पावडर लावून, नवरी होऊन माहेरी आला!" पहिला आठवडा पोटाचा ढोल झाला. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, मंदिरातल्या उत्सवाला मलाच घेऊन चला, ढोलाचं भाडं वाचेल." मग आपोआप सुरळीत झालं. रोज सकाळी. तुला फोन करून सांगायची, नातू झाल्यासारखं. ते दोन महिने तिचे सुखात गेले. ते तू दिलेस.

तू सांगितलेलं सगळं मी पाळत होते. थोड्यापासून सुरुवात केली. हृदयाच्या गोळ्या आधी दिल्या, पावडर पुष्कळ वेळानं, नाहीतर ती गोळ्यांना धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. सगळं पाळलं.

सगळं नाही.

स्मशानात तोकुआत्या काय म्हणाली ते मी शब्दाला शब्द ऐकलं. "आईला भेटायला यायचं नाही, डब्यात भरून माया पाठवायची! अडकली ना घशात माया?" सगळे खाली बघत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी अस्थी उचलायच्या काड्या हातात घेऊन भट्टीच्या दाराकडे बघत राहिले. अस्थी बाहेर यायच्या आधी तू निघून गेलीस. आत्या अशीच बोलते म्हणून तू गेलीस असं मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं. तू आत्यामुळे गेली नाहीस. मी गप्प राहिले म्हणून गेलीस.

ते घडलं तो वर्षअखेरच्या झाडलोटीचा दिवस होता. त्या दिवशी कोन्याकूच्या चिवट वड्या खाऊन पोटातली वाळू काढायची, हा आईचा नेम. लहानपणी आपल्याला दटावून खायला लावायची, "घर झाडलंत, पोट कोण झाडणार?" पण कोन्याकूचे तुकडे तिला आताशा चाववत नव्हते. म्हणाली, "तुकडे नकोत. मित्सुयोची पावडर दे, तीच आमची केरसुणी. आज दोन चमचे घाल, वर्षाचा केर आहे."

मी दोन घातले नाहीत. एकच घातला, रोजच्यासारखा. तेवढी मी शहाणी होते.

पण डॉक्टरांनी हृदयासाठी तिचं पाणी मोजून दिलं होतं, हे तुला मी कधी नीट सांगितलं नाही. नोव्हेंबरात पाय सुजले तेव्हापासून. तू फोनवर बजावलं होतंस, "ताई, मोठा पेला भरून पाणी, वर आणखी थोडं. ते जमत नसेल तर देऊच नकोस, आधी डॉक्टरांना विचार." मी "हो" म्हणाले. विचारलं नाही. गृहशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे. पाणी किती, पावडर किती, ते काय मला परक्या माणसाला विचारायचं? मी माझ्या डोक्यानं दोन्हींचा मध्य काढला. अर्धा पेला. बरेच दिवस त्यात निभावलं, म्हणून मला ते बरोबर वाटलं.

त्या दिवशी झाडलोटीच्या गडबडीत तिनं सकाळीच चहा जास्त घेतला होता, वर सूप. अर्ध्या पेल्याचाही अर्धाच मी दिला. तिनं दोन घोट घेतले. म्हणाली, "घट्ट लागतंय गं. वर थोडं पाणी दे."

मी म्हणाले, "आजचं पाणी संपलं, आई. आता उद्या."

"बरं, मास्तरीणबाई," म्हणाली आणि उरलेलं गिळलं.

मी खिडकीच्या काचा पुसायला गेले. परत आले तेव्हा ती गळ्याला हात लावून बसली होती. पुढचं तुला दवाखान्यात कळलं. पावडर अन्ननलिकेत फुगून बसली, ओकारी आली ती श्वासात गेली, तिसऱ्या दिवशी आई गेली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाणी कमी असणाऱ्यांना ही द्यायची नसते. विचारलं असतंत तर पोट साफ होण्याचं दुसरं औषध होतं." मी त्यांना नमस्कार केला. ते वाक्य आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

आज सकाळी आत्याकडे जाऊन सांगितलं. ती मुळे चिरत होती. चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "आता का सांगतेस? मी त्या पोरीला बोलून बसले ना!" मी म्हटलं, "म्हणूनच." सुरी खाली ठेवून ती पाठमोरी झाली. एकोणपन्नासाव्या दिवशी, रविवारी, तुझ्याशी ती स्वतः बोलणार आहे. ऐकून घे, किंवा घेऊ नकोस.

माफी मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तू मला माफ करावंस असं मला वाटतही नाही. पण खोटं तुझ्या पोटात राहू नये. त्या वाळूला केरसुणी नाही.

एक राहिलं. अस्थी उचलताना शेवटी घशातला बुद्ध, मानेतलं ते हाड, उचलतात, दोघांनी दोन बाजूंनी काड्या लावून. तो तू आणि मी उचलायचा होता. तुझ्या जागी आत्या उभी राहिली. तो अख्खा निघाला, ध्यानाला बसलेला असतो तसा. कलशात सगळ्यांत वर तोच ठेवलाय. तो काढून मी शिगेओंच्या हाती देते आहे. रविवारी सकाळी तो घेऊन ये. एक काडी तुझी, एक माझी, आपण दोघी मिळून वर ठेवू. तोपर्यंत कलशाला झाकण लावायचं नाही आणि थडग्याचा दगड सरकवायचा नाही, असं मी देवळात सांगून ठेवलंय. तू आली नाहीस तर आई उघडीच राहील. हा दम आहे असं समज.

निघण्याआधी जेवून घे. वर पाणी पी.

फुसाए

शिगेओंच्या हाती दिलं:
हे पत्र.
पांढऱ्या रेशमात गुंडाळून, आईच्या कंगव्याच्या लाकडी डबीत, आईचा घशातला बुद्ध.
पत्र परत नको. बुद्ध रविवारी परत हवा.