जॅकच्या जागी सुपारी

मखमलाबाद, नाशिक
दसऱ्याचा दुसरा दिवस, २००५

ती. दाजी यांस,

मेहुणा देवराम याचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. फक्त माझ्या कमरेत उसण भरली आहे, तिचं कारण पुढे येईलच. तुमची शुगर कशी आहे? ताईचा गुडघा? रिटायर झाल्यापासून तुम्ही रोज सकाळी मनमाड स्टेशनावर जाऊन गाड्या वेळेवर येतात की नाही ते बघता, असं ताई सांगते. (येत नसतील. तुम्ही नोकरीत होतात तेव्हाही येत नव्हत्या. पण तुम्ही पडलात वर्कशॉपातले, तेव्हा तो दोष तुमच्याकडे येत नाही.) सकाळचं फिरणं चांगलंच, पण स्टेशनावर गेल्यावर तिथली भजी खात नसाल अशी आशा करतो.

घरात फोन असताना देवरामने पत्र का लिहिलं, असं तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे. फोनवर मयूरचं नाव निघालं की तुम्ही रिसीव्हर ठेवता. अक्षय्य तृतीयेपासून तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही. पोराने मुंबईच्या कुणाकडून ती जुनी, परदेशी, लाल, बिनछपराची स्पोर्ट्स कार घेतली, तुम्ही 'ही गाडी आहे की अंगणातली रांगोळी' असं विचारलंत, त्यावर तो काहीतरी बोलला, त्यावर तुम्ही काहीतरी बोललात, आणि तेव्हापासून ताई एकाचं ऐकून दुसऱ्याला सांगते आणि सांगताना रडते. दसऱ्याला पोरगं पुण्याहून निघालं ते मनमाडला न जाता इकडे आजोळी आलं, ते त्यामुळेच. मी कुणाचीच बाजू घेत नाही. (घेतली असती, पण दोन्हीकडून शिव्या खाव्या लागतील असं सविता म्हणाली, आणि या घरात तिचं बरोबर असतं.) मी फक्त त्या गाडीला काय झालं ते लिहिणार आहे. यंत्राची हकीकत निघाली की तुमच्याने मध्येच उठवत नाही, हे मला माहीत आहे.

तर खंडेनवमी. आक्काचा, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा, त्या दिवसाचा कायदा तुम्हाला ठाऊक आहेच. घरातलं होतं नव्हतं तेवढं लोखंड ओसरीवर ओळीने मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी सोनं लुटून घरी येईपर्यंत त्याला बोटही लावायचं नाही. फाळ, कुदळ, विळे, पहार, माझी मोटरसायकल, फवारणीचा पंप, ट्रॉलीचा जॅक, पाने, सविताचं शिलाई मशीन, सगळं एका रांगेत बसतं. (यंदा सविताने माझा मोबाइलही मांडला. त्यात लोखंड नाही म्हणालो, तर म्हणाली, 'असू द्या, दिवसभर हातात असतं ते अवजारच.') मयूरने स्वतःची गाडी पुसून चिंचेखाली उभी केली आणि आक्काने तिलाही माळ घातली. माळ बांधायला आक्काला वाकावं लागलं, यावरून गाडीची उंची तुमच्या लक्षात यावी. जमीन आणि गाडीचं पोट यांच्यामध्ये चार बोटं जेमतेम जातात. आमची मांजर तिच्याखाली शिरली आणि मागे सरकत बाहेर आली.

आता इथे झेंडूचा विषय येतो. तुम्ही रेल्वेचे, तुमचा पगार पहिल्या तारखेला. आमचा झेंडू नवमीच्या दुपारी सोनं असतो आणि दसऱ्याच्या संध्याकाळी त्याला म्हैस तोंड लावत नाही. यंदा फूल असं आलं होतं की पहाटेपासून बायका तोडत होत्या आणि क्रेट संपले तेव्हा सविताने घरातल्या बादल्या काढल्या. वाळू नावाच्या आमच्या टेम्पोवाल्याला मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. पण वाळूने सकाळी टेम्पोची पूजा केली, पूजेतला टेम्पो आज हलवायचा नाही असं ठरवलं आणि किल्ली कमरेला लावून सप्तशृंगीच्या गडावर दर्शनाला गेला. बाकीचे टेम्पो उजाडायच्या आतच भरून गेले होते, आणि माझी ट्रॉली ओढणारा भाड्याचा ट्रॅक्टरही. राहिली एक मयूरची गाडी. पोरगं लगेच म्हणालं, 'मामा, मी नेतो, दोन खेपा करू.' मला भरून आलं. मग आम्ही गाडीकडे गेलो, तर ती लंगडी. मागच्या डाव्या चाकात बाभळीचा काटा, आणि चाक पार बसलेलं. स्टेपनी होती, पण आधीच्या मालकाने जॅक आणि पाना ठेवून घेतले होते. (मुंबईची माणसं.)

म्हणजे ट्रॉलीचा जॅक पूजेतून उठवायचा. आक्का म्हणाली, "बसलेलं उठवायचं नाय. लय वंगाळ." मी म्हणालो, फुलं देवीलाच जाणार आहेत. आक्का म्हणाली, देवीला काय आपलीच फुलं लागत्यात काय. मी आवाज चढवला, तिने माझ्याहून चढवला, तोडणीच्या बायका काम सोडून ऐकत बसल्या. आणि मग म्हातारीलाच काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, "बायको जवळ नसली की पूजेला तिच्या जागी सुपारी मांडत्यात. मंग जॅकच्या जागी का नाय?" झालं. जॅकला नमस्कार करून त्याला रजा दिली, त्याच्या जागी हळदकुंकू लावून एक सुपारी बसवली, पान्याच्या जागी दुसरी, आणि माळ घातलेल्या गाडीच्या जागी चिंचेखाली तिसरी. इतक्या वर्षांत मला जे सुचलं नाही ते या बाईला एका श्वासात सुचलं. पूर्वीच सुचलं असतं तर मी किती नवम्यांना मोटरसायकल वापरली असती!

पण जॅक काही खाली जाईना. आडवा घातला, तिरका घातला, हळदकुंकू पुसून घातला. तेव्हा मी असा विचार केला की गाडी वर जात नाही तर जमीन खाली न्यावी. कुदळ पूजेत, म्हणून करवंटीने खड्डा खणला. (कमरेतली उसण ही त्याचीच.) खड्डा उत्तम झाला. इतका उत्तम की बसलेलं चाक हळूच त्यात घसरलं आणि चार बोटांची दोन बोटं झाली. मग शेजारचा मंगळू आला. गाडी म्हणजे काय, फुलासारखी उचलू, असं म्हणत त्याने चार जणांना मागे उभं केलं, मी पुढचं तोंड धरलं आणि एक-दोन-तीन म्हणून जोर लावला. गाडीचं पुढचं तोंड माझ्या हातात आलं. नुसतं तोंडच. प्लॅस्टिकचं असतं ते, दाजी, आणि क्लिपांवर बसवलेलं असतं. मी ते हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ऊन वर चढत होतं, क्रेटमधली वरची फुलं मान टाकायला लागली होती, आणि ओसरीवर सविता हसत होती.

मयूर एवढा वेळ बाजूला उभा होता. पोराचा चेहरा पडला होता; गाडीमुळे बाप तुटला आणि आता मामाचं पीकही जाणार, असं काहीतरी त्याच्या मनात असणार. मग तो पुढे आला. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्याने गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मला उगीचच सावरून उभं राहावंसं वाटलं, कारण ही चक्कर मी ओळखतो. माझी ट्रॉली मोडली होती तेव्हा तुम्ही अशीच मारली होती. 'सगळे मागे व्हा,' तो म्हणाला, आणि मंगळूसुद्धा मागे झाला.

पुढचं मी तुम्हाला सविस्तर लिहितो, कारण ते तुम्हालाच कळेल. आधी त्याने गाडी ढकलून खड्ड्याबाहेर सपाटीवर घेतली आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. हँडब्रेक ओढलाय ना, असं मी म्हणालो. तर म्हणाला, हँडब्रेक मागची चाकं धरतो मामा, आणि मागचंच उचलायचंय. चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. सविताकडून जेवणाचे पाट मागवले, उतरते रचले, आणि ते बसलेलं चाक रेटत रेटत पाटांवर चढवलं. तेव्हा कुठे जॅकपुरती जागा झाली. (लोखंड पूजेत होतं, लाकूड मोकळं होतं, एवढं बरं.) पत्र्याला जॅक लावायचा नाही म्हणून पालथं पडून त्याने दाराखालची जाड कड शोधली, जॅकखाली फरशी ठेवली आणि मध्ये लाकडाचा तुकडा. वर उचलून चाक काढलं, ते आडवं करून गाडीच्या पोटाखाली सारलं आणि त्यावर राहिलेले पाट ठेवले. मी म्हणालो, अरे वेळ जातोय, जॅकने धरलीय ना गाडी. तर वर न बघता म्हणाला, "जॅक उचलतो, धरून ठेवत नाही."

हे त्याला मी शिकवलेलं नाही, आणि पुण्याच्या त्याच्या कॉम्प्युटरच्या कंपनीतही शिकवत नसतील.

तेवढ्यात एक नट घरंगळत गाडीखाली गेला आणि मी तो काढायला हात घातला. 'मामा, हात!' असा तो ओरडला. दाजी, शपथेवर सांगतो, तो आवाज तुमचा होता. तुमच्या आवाजाला मी अजून दचकतो, त्यामुळे विचार करायच्या आधीच हात बाहेर आला. आणि फरशीची एक कड माझ्या त्या उत्तम खड्ड्यातून उपसलेल्या पोकळ मातीत खचली, जॅक कलंडला, आणि गाडी धप्पकन खाली बसली, ती त्या आडव्या चाकावर आणि पाटांवर. एक पाट फुटला. माझी बोटं फुटली नाहीत. त्याच बोटांनी हे पत्र लिहितोय. मयूरने माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला आणि पुन्हा पहिल्यापासून दगड तपासायला लागला. मला तेव्हा रडू आलं, ते घामात खपून गेलं.

दुसऱ्यांदा फरशी घट्ट जमिनीवर ठेवली आणि चाक बसलं. निघालेलं तोंडही त्याने क्लिपांत दाबून परत बसवलं. मग क्रेट चढले. मागे क्रेट, मधल्या जागेत झेंडू, उरलेल्या सीटवर आक्का (जॅक उठवायची परवानगी तिची, तेव्हा विक्रीला तीच जाणार म्हणाली), तिच्या मांडीवर झेंडू, गळ्यापर्यंत झेंडू. मी मागून मंगळूच्या सायकलवर (मोटरसायकलसाठी आणखी सुपारी द्यायला आक्का तयार झाली नाही). एवढी पळणारी गाडी, पण प्रत्येक गतिरोधक ती तिरकी होऊन, पोट सांभाळत ओलांडत होती, त्यामुळे मखमलाबाद नाक्यापर्यंत मीच पुढे होतो. पंचवटीत लोक थांबून हात जोडायला लागले. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, फुलांत बसलेली म्हातारी, लाल रथ. एका बाईने खण-नारळ दिला. आक्काने आधी 'अगं मी नाय' म्हटलं, दुसऱ्या नारळापासून आशीर्वाद द्यायला लागली. गणेशवाडीच्या फुलबाजारापर्यंत पोचेतो निम्मी फुलं गाडीतूनच गेली, आणि भाव आक्काने सांगितला तो. दुसऱ्या खेपेला तर लोक वाट बघत उभे होते.

तर असं सगळं निभावलं. ताईला नमस्कार सांगा, औषधं वेळेवर घ्या, आणि भजी खाऊ नका हे पुन्हा लिहितो.

तुमचा,
देवराम

ता. क. सविताने पत्र वाचलं आणि उसणीचं खरं कारण लिहा म्हणते. खड्ड्याने नाही भरली. संध्याकाळी हौसेने मी त्या गाडीत एक चक्कर मारली. बसता आलं, उठता आलं नाही. मंगळूने आणि तिने दोन्ही हात धरून ओढून काढलं.

ता. क. दुसरा : गाडीची हकीकत सांगायला कुणी एवढी पानं लिहीत नाही, हे तुम्ही केव्हाच ओळखलं असेल. दाजी, पोराशी बोला. गाडी तुम्हाला नाही आवडली, मलाही तिच्यातून उठता येत नाही. पण ती उचलताना त्याने जे जे केलं ते सगळं तुमचं होतं. मी त्याला म्हणालो, बाबांना सांग हे. तर म्हणाला, ते ऐकणार नाहीत. तुम्हीही ताईला हेच सांगता.

ता. क. तिसरा : पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेल. पोस्टमनने आणलं असं ताईने सांगितलं असेल तर तिला रागावू नका, मीच तसं सांगायला लावलं. पत्र मयूरने आणलंय. तो गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसलाय आणि तुमचं वाचून होईपर्यंत बसून राहणार आहे. आत बोलवायचा नसेल तर नका बोलावू. पण सकाळी काही न खाता निघालाय, निदान एक कप चहा बाहेर पाठवा. कपबशी परत आणायला मात्र तुम्ही स्वतः जा.