सत्तावीस आखाज्या, एकही हार नाही

१२ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढत जा. म्हणून ही डायरी. मला राग येत नाही हे त्यांना दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना टेबलावर हात आपटला गेला, पण त्यांचं टेबलच जरा उंच आहे.

आजची बातमी. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी भडगावला जायचं नाही. आमच्या मुलीची, मयुरीची, लग्नानंतरची पहिली आखाजी. ती धुळ्याहून माहेरी येणार, सोबत जावई हितेंद्र. बायकोने, मोहिनीने, स्वतःचं माहेर यंदापुरतं सोडलं आणि तिचा भाऊ निंबा, त्याची बायको यशोदा आणि आमच्या सासूबाई सुगंधाबाई यांनाच जळगावला बोलावून घेतलं. फोन करून झाल्यावर मला सांगितलं. मी रागावलो नाही. फक्त जेवलो नाही.

मग दहीभात खाताना कल्पना सुचली. आखाजीला आपल्याकडचे पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. यंदा पत्ते बंद. आपल्या अंगणात मैदानी खेळ. सगळं नियोजन माझं.

१३ एप्रिल, रविवार

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव: आखाजी ग्राउंड. सगळ्यांनी खेळ सुचवावेत असं लिहिलं. घरात लोकशाही हवी.

मयुरीने बॅडमिंटन लिहिलं. हितेंद्रने नुसता अंगठा दाखवला. निंबाने पत्ते लिहिलं. पत्ते बंद हे मी वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ते त्याला दाखवलं तर म्हणे, मंग रमी. यशोदाने फुलांचं चित्र आणि गुड मॉर्निंग पाठवलं, दुपारी चारला.

लोकशाही बंद केली. आता ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतो. खेळ ठरला: लगोरी.

१४ एप्रिल, सोमवार. सुट्टी

लगोरीच का, ते एकदा लिहून ठेवतो.

भडगावला सासऱ्यांच्या अंगणात मी सत्तावीस आखाज्या लगोरी खेळलो. एकदाही हरलो नाही. डाळ मिलमध्ये मी सुपरवायझर आहे, पण पोरं मला न विचारता मशीन बंद करतात आणि नवा मॅनेजर मला काका म्हणतो. घरात माझं कोण ऐकतं ते वर आलंच आहे. भडगावच्या अंगणात मात्र मी बाह्या सरसावल्या की बायका चूल सोडून ओट्यावर येतात. मी कुणीतरी आहे असं मला वाटतं ती जगातली एवढी एकच जागा. हे आजवर कुणाला बोललो नाही.

निंबाची मंडळी खेळात कच्ची. तो केळीचे घड खांद्यावर वाहणारा माणूस, ताकद आहे, पण नेम नाही. एकदा मी त्याच्यापासून तीन हातांवर वाकून लगोरी रचत होतो, तर याचा चेंडू गोठ्याच्या पत्र्यावर. दरवर्षी हेच. कीव येते. तिथला नियमही शास्त्रशुद्ध आहे. बाकीच्यांना रेषा दहा पावलांवर, मला पाच. माझा फटका जोरकस, लांबून मारला तर चेंडू केळीत जाऊन हरवेल, असं सासरे म्हणायचे. फार जाणता माणूस होता.

१८ एप्रिल, शुक्रवार

मोहिनीशी चर्चा. ती म्हणाली, पहिल्या आखाजीचा जावई आहे, त्याला जिंकू द्या, जावयाचा मान असतो. मी शांतपणे सांगितलं की मान पाटावर, मैदानात नाही. मला तुमच्या माहेरी कधी कुणी जिंकू दिलं का? घाम गाळून जिंकलो. यावर ती तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला असावा, हवा कोरडी आहे.

तिची दुसरी मागणी अशी की अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधायचा. पोरगी माहेरी येते आहे, झोक्याशिवाय आखाजी कसली. झोका म्हणजे मैदानाच्या बरोबर मध्ये. ठाम नकार दिला.

१९ एप्रिल, शनिवार

झोका बांधला. स्टूल मी धरलं.

२० एप्रिल, रविवार. पहाटे

सराव सुरू. शहाबादी फरशीचे सात तुकडे घासून गोल केले. इथे माझ्या अंगणात सगळ्यांना एकच नियम, दहा पावलं. चॅम्पियनने सवलत घेणं बरं दिसत नाही.

लगोरी पडली नाही. कारणं: चेंडू नवा, तुकडे जड, आणि शेजारचे तोतारामनाना. नाना दीपनगरच्या पॉवर हाऊसमधून रिटायर झाले तेव्हापासून कंपाउंडच्या भिंतीवर चहाचा कप ठेवून आमच्याकडे बघत असतात. अर्धा तास बघून म्हणाले, योगराजभाऊ, हे काय मांडून ठेवलं आहे, वास्तूचं काही आहे का? राग आला नाही. आठवडाभर नानांशी बोलायचं नाही असं ठरवलं.

२३ एप्रिल, बुधवार

चव्वेचाळीस डिग्री. सराव कूलरसमोर, डोळे मिटून, मनातल्या मनात. सगळे नेम लागले. तुकडे जड नव्हते असं आता वाटतं.

२६ एप्रिल, शनिवार

नानांशी बोलावं लागलं. पंच पाहिजे आणि गल्लीत दुसरा रिकामा माणूस नाही. त्यांनी एका अटीवर होकार दिला: खुर्ची झाडाच्या सावलीत पाहिजे. तिथे झोका आहे. त्यावरून मोहिनीशी बोलणं झालं. मी एकटाच बोललो.

२९ एप्रिल, मंगळवार

मंडळी आली. निंबाने पोतंभर डांगरं आणि पत्त्यांचे दोन कॅट आणले. कॅट मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तो म्हणे, मेव्हणे, तुमनं घर शे, तुमनं राज शे.

हितेंद्र बँकेत आहे. चष्मा, गोरे मऊ हात. लगोरी म्हणजे ती दगडांची ना, असं त्याने विचारलं. मला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. फार वाईट हरवायचं नाही. थोडक्यात हरवायचं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. दुपार

मांडे आणि आमरस. मॅच असल्यामुळे एकच मांडा खायचा निश्चय होता. सासूबाईंनी वाढलं, त्यांचा शब्द मोडवला नाही. तीन.

संध्याकाळ, साडेसात

डॉक्टर म्हणाले तसं सगळं लिहून काढतो.

माझ्या बाजूला मयुरी आणि मोहिनी. समोर निंबा, यशोदा आणि हितेंद्र. सासूबाई झोक्यावर. नाना खुर्चीत.

माझे तीन चेंडू गेले. एक झोक्याला लागला, तो झोक्याचा दोष. मग निंबा उठला. दहा पावलांवरून, उजव्या हाताने, तोंडात सुपारी ठेवून त्याने चेंडू मारला आणि सातही तुकडे अंगणभर झाले. सत्तावीस वर्षांत याला कधी गोठा चुकवता आला नव्हता.

पुढच्या डावात मयुरीने लगोरी पाडली. मी रचायला धावलो, वाकलो, आणि निंबाचा चेंडू पाठीत बसला. त्याच्या पुढच्या डावात पुन्हा पाठीत. मग यशोदाने एका हाताने निऱ्या धरून मारला, तो कानाखाली. ती लगेच म्हणाली, लागनं का भाऊसाहेब? लागलं होतं.

नंतर हितेंद्रची पाळी. निंबा पुढे गेला आणि चपलेने नवी रेषा ओढली. पाच पावलांवर. जवाईबापू, आठून मारा, लांबून चेंडू नालीमा जाई. हितेंद्रने मारला, चेंडू तुकड्यांच्या वीतभर बाजूने गेला, आणि त्याच क्षणी निंबाचा पाय लगोरीला लागून ती पडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हितेंद्र रचायला बसला तेव्हा माझी स्वतःची मुलगी दोन हातांवर चेंडू घेऊन उभी होती. तिने तो नानांच्या गच्चीवर मारला. मोहिनीने दुसरा आणला, तो तिने विहिणीला आहेर द्यावा तसा हळूच जमिनीवर ठेवला. नाना आभाळात बघत होते.

मी चेंडू काढून घेतला. ही फसवणूक आहे असं सांगितलं. निंबा सत्तावीस वर्षं आतून सराव करत होता आणि आज माझ्याच घरी येऊन त्याने डाव साधला, हेही सांगितलं. आवाज चढला नव्हता. मागच्या गल्लीतले लोक आले ते लाइट गेली म्हणून. निंबा मान खाली घालून नख कुरतडत बसला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

मग सासूबाईंनी मला झोक्याजवळ बोलावलं. म्हणाल्या, जवाई, इतलं तापू नका. आते या अंगणमा जवाई हितेंद्र शे. तुम्ही आते सासरा व्हयी गयात. सत्तावीस वरीस बठ्ठासनी तुमले जिकू दिन्हं, आते याले. इतलंच शे.

मी म्हणालो, काय. त्यांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाही नीट ऐकू आलं होतं.

त्याच दिवशी, साडेनऊ

जेवलो नाही. दहीभातही नाही.

सगळ्यांत जास्त राग हितेंद्रचा येतो आहे. गच्चीवर उभा राहून धुळ्याच्या मित्राला फोनवर सांगत होता की सासरवाडीत लगोरी खेळलो, एकदाही हरलो नाही, नेम काय लागतो माझा. एवढा शिकलेला माणूस. रेषा पाच पावलांवर का, आपल्यालाच का, समोरच्या सगळ्यांचे नेम एकाच वेळी कसे चुकतात, निंबाचा पाय नेमका तेव्हाच कसा लागतो, याला काहीच दिसू नये? इतका मूर्ख माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मोहिनीला बोलावून हे सगळं शब्दशः सांगितलं.

ती हसली नाही. पाठीला मलम चोळत बसली. दोन ठिकाणी काळंनिळं झालं आहे म्हणाली.

मग राग निंबाकडे वळवून बघितला. तिथे तो टिकेना. सत्तावीस वर्षं एक आख्खं अंगण माझ्यासाठी नेम चुकवत होतं. बायका भाकऱ्या सोडून ओट्यावर येऊन बसायच्या, मी बाह्या सरसावल्या म्हणून. सासरे गेले त्या वर्षीसुद्धा मी जिंकलो होतो. त्या लोकांना त्या दिवशी चेंडू हातात कसा धरवला असेल. लाज वाटली. नंतर पुन्हा राग आला, पण आता कुणाचा ते सापडत नाही.

कपाटाचं कुलूप काढून निंबाला पत्ते दिले. तो म्हणे, बसा ना मेव्हणे. बसलो नाही.

१ मे, गुरुवार. सकाळ

नाश्त्यानंतर मंडळी निघणार. रात्रभर विचार करून निर्णय घेतला. हितेंद्रला काहीही सांगायचं नाही. तो सुखात आहे, त्याला सुखात ठेवायचं. एवढंच नाही, निघण्याआधी आणखी एक डाव, तो आणि मी, आणि मी मुद्दाम हरायचं. सासऱ्यांनी माझ्यासाठी केलं ते मी याच्यासाठी करणार. मनाचा मोठेपणा लागतो. तो माझ्यात आहे हे काल कुणाला दिसलं नाही.

योजना: पहिले दोन चेंडू खरे मारून लगोरी पाडायची, म्हणजे कुणाला शंका यायला नको. त्यानंतर सगळे मुद्दाम चुकवायचे.

सकाळ, साडेदहा

डाव झाला. हितेंद्र जिंकला.

खरे दोन चेंडू मारून झाले. मग आणखी तीन मागून घेतले, तेही खरेच मारले. मग एक जवळून. मुद्दाम चुकवायची वेळ आलीच नाही.