साक्ष आणि दुसरा ब्रेक

तीर्थस्वरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा नमस्कार, आणि (आता हक्काने) तुमच्या ख्रिस्ती मंडळीतला सलाम. गुडघे कसे आहेत? जिना चढू नकोस म्हटलं की मुद्दाम चढतेस, हे ठाऊक असूनही विचारते. इकडे आम्ही दोघं ठीक. बाबांचा रक्तदाब जरा वर आहे. त्याला कारण मी, आणि माझ्यामागे तू.

तूच ना म्हणाली होतीस, साक्ष घरापासून सुरू कर? केली बाई! घरात बाबा सापडत नाहीत (विषय देवाकडे वळला की त्यांना नेमकं गाडी पुसायचं आठवतं), म्हणून त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतच गाठलं. चाक माझ्या हातात, बाबा शेजारी. सिग्नल हिरवा झाला आणि मी एका दमात सांगून टाकलं, "बाबा, रविवारी मला सगळ्यांसमोर साक्ष द्यायची आहे. तुम्ही यायलाच हवं." त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, हे मी विसरलेच! गाडी जागच्या जागी उभी, मागचा टेम्पोवाला आमचा उद्धार करतोय (तुझ्या अर्थाने नव्हे), आणि बाबा पांढरेफटक. "कुणाला उडवलंस?"

कुणाला नाही हो, बाप्तिस्म्याच्या वेळी साक्ष देतात, म्हणजे येशूने आपल्यासाठी काय केलं ते चर्चमध्ये पाळकांसमोर सांगतात, असं किती समजावलं. पण डोक्यात कोर्ट शिरलं ते शिरलंच. रविवारी कोर्ट उघडं कसं? पाळक म्हणजे सरकारी वकील का? घर येईपर्यंत माझी तयारीच करून घेतली: विचारलं तेवढंच बोलायचं, ऐकीव काही सांगायचं नाही, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. मावशी, पाठ केलेलं सगळं भाषण (तू दिलेल्या बायबलच्या वचनांसकट) मी साफ विसरले. फाटकापाशी गाडी थांबवून पाहिलं तेवढंच सांगितलं. आई गेल्यावर तिच्या खोलीचं दार उघडायची माझी हिंमत होत नव्हती. मग मी येशूशी बोलायला लागले, खरं तर भांडायलाच, आणि एका सकाळी ते दार उघडून आत गेले, खिडकीही उघडली. गुणगुणतसुद्धा होते.

बाबा बराच वेळ आरसा नीट करत बसले. तो नीटच होता. मग म्हणाले, "ते गाणं मीही ऐकलं. सूर गेलेला होता." मला इतका आनंद झाला, की गाडी आत घेताना मी फाटकाची एक बाजू वाकवली. आणि ते ओरडले नाहीत! मावशी, बाबा ओरडले नाहीत!

तुझी (फाटक सोडून बाकी सुखरूप),
भाची

ता. क. रविवारी ते येणार! कोटाला इस्त्रीही झाली. बसणार मात्र शेवटच्या बाकावर, दाराजवळ.

आणखी ता. क. खरं काम हे: पाळकांना आधीच सांगून ठेव. एका साक्षीदारावर केस उभी राहत नाही म्हणे. तेव्हा माझ्यानंतर बाबा स्वतः उठून सांगणार आहेत, की ते दार उघडलेलं त्यांनीही पाहिलं. त्यांना अडवू नका. आणि तू मध्येच मोठ्याने आमेन म्हणू नकोस, ते ब्रेक दाबतील.

शेवटचं. उलटतपासणी असते का, विचारत होते. त्यांना त्या येशूलाच काही विचारायचं आहे, आईबद्दल. मी म्हटलं, विचारा बाबा. मीही तिथूनच सुरुवात केली होती.