पेला उजवीकडे

वोल्यानका, सस्काचेवान
१६ जानेवारी १९७४

चि. ओरेस्त यास पारास्काताईचे पोटभर आशीर्वाद.

देवाच्या दयेने इकडे सगळे ठीक. पारा उणे छत्तीसपर्यंत उतरला आहे. तू विसरलेले हातमोजे पाठवते. अंगठ्याचं भोक तुझ्या दाजींच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून बुजवलं. रंग जुळत नाही म्हणून तोंड वाकडं करू नकोस, ऊब तीच आहे.

एक विचारायचं आहे. आपल्या नाताळच्या पवित्र संध्याकाळी, सहा तारखेला, जेवताना तू सुक्या फळांचं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलंस. सगळे हसले. आई म्हणाली, शहरात राहून पोराला पेलाही ओळखू येईना. तूही हसलास. चादर धुताना मला मात्र हसू येईना. पेला तुझ्या डाव्या हाताला होता. आणि तीन शनिवार बर्फावरच्या हॉकीचा रेडिओवाला सांगतो आहे की चौदा वर्षं उजव्या बाजूने बचाव करणारा ओरेस्त ह्रिंचुक आता डाव्या बाजूने खेळतो. दाजी म्हणतात, कोचची लहर. मला तसं वाटत नाही. खरं काय ते लिही. आईला वाचून दाखवायचं पत्र वेगळं लिही.

मारियामाता तुझी पाठ राखो.
तुझी ताई

विनिपेग
२७ जानेवारी १९७४

ती. पारास्काताईस कृ. शि. सा. न. वि. वि.

हातमोजे मिळाले. हिरवा अंगठा पाहून सगळा संघ मला माळीबुवा म्हणतो.

तू पोलिसात जायला हवी होतीस. नोव्हेंबरात एकाच्या काठीचं टोक डाव्या डोळ्यात गेलं. सूज उतरली, पण उजेड-अंधारापलीकडे काही दिसत नाही. डॉक्टरने भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्याने वाचतानाच मी तो पाठ केला आणि उजवा झाकल्यावर तोच म्हणून दाखवला. डाव्या बाजूला खेळलं की आंधळ्या अंगाला मैदानाचा कठडा येतो, तिकडून कोणी येत नाही. कोचला सांगितलं, गुडघ्याला बरं पडतं.

कळलं तर नियमाने त्याच दिवशी घरी. मला दुसरं येतं काय, ताई? चौदा वर्षं मी फक्त लोकांना आडवा आलो आहे. यंदा चषक हाताला लागेलसं वाटतं. वसंतापर्यंत गप्प राहा. आईला नको, दाजींना नको, फादरना तर नकोच.

लोभ आटू देऊ नकोस.
ओरेस्त

वोल्यानका
५ फेब्रुवारी १९७४

चि. ओरेस्त यास आशीर्वाद.

तुझं पत्र पिठाच्या डब्यात लपवलं आहे. रोज भाकरीचं पीठ काढताना हाताला लागतं.

अंगणातल्या बत्तीचा खांब पडून दाजींचा पाय मोडला तेव्हा तूच त्यांना ओरडला होतास, की खांब कुजल्याचं माहीत असून गप्प का बसलात. आठवतं? तुझ्या डोळ्याचं मला दुःख आहे. पण बर्फावर तू एकटा नसतोस. तुझ्या जोडीला तो ल्युसिएन आहे, मागे गोलरक्षक आहे. तुला दिसतं असं समजून ते उभे असतात.

उपवासाआधीच्या क्षमेच्या रविवारपर्यंत, म्हणजे चोवीस तारखेपर्यंत, गप्प राहीन. त्या दिवशी चर्चमध्ये सगळे एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात, तेव्हा हे पोटात ठेवून मला वाकता येणार नाही. तोवर तू सांगितलं नाहीस तर मी कोचना लिहीन. मग माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

रागावलास तरी मोजे घालत जा.
ताई

विनिपेग
२६ फेब्रुवारी १९७४

ती. ताईस शि. सा. न.

कठड्याकडून कोणी येत नाही, असं तुला लिहिलं होतं. गेल्या मंगळवारी ल्युसिएन आला, मला मदत करायलाच. चकती अडवायला मी काठीसकट गर्रकन वळलो आणि त्याला कठड्यावर चिरडलं. गळपट्टीचं हाड दोन जागी मोडलं. सगळे म्हणाले, अपघात. कोचने माझीच पाठ थोपटली. तसंच म्हणू देता आलं असतं.

तुझं पत्र आठ दिवस बॅगेत न फोडता पडलं होतं. आत काय असेल ते माहीत होतं. इस्पितळाच्या बाकावर फोडलं. मग आधी ल्युसिएनला सांगितलं, नंतर कोचला. ल्युसिएनने भिंतीकडे तोंड फिरवलं. संघाने त्याच दिवशी माझं कपाट रिकामं करून घेतलं.

तुला कोचना लिहावं लागलं नाही. पण मी वेळेत सांगितलं, असं कोणाला सांगू नकोस. मला क्षमा कर.
ओरेस्त

ब्रायर क्रॉसिंग, मॅनिटोबा
८ ऑक्टोबर १९७७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी लोणची पोचली. कोच झाल्यापासून मला बाकावर उभं राहून ओरडण्याबद्दल फुकट जेवण मिळतं, असं इथली पोरं म्हणतात. दुसरा हंगाम सुरू झाला.

आमचा एल्मर फ्रीसन, एकोणीस वर्षांचा बचावपटू, उन्हाळ्यात ट्रॅक्टरची साखळी तुटून तोंडावर मार बसलेला. बरा झालो म्हणाला. आमच्याकडे डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, म्हणून तक्ता मीच टांगला. उजव्या डोळ्याने नीट वाचला. मग उजवा झाकायला सांगितला आणि तो झाकत असताना मी तक्ता उलटा केला, कोरी बाजू पुढे. ताई, त्याने कोऱ्या कागदावरून पाचही ओळी प्रार्थनेसारख्या घडाघडा म्हटल्या. एकही चूक नाही.

मला ओरडता येईना. हात खाली कर म्हटलं. समोर पाहून तो पांढरा पडला. मग म्हणाला, कोच, फक्त वसंतापर्यंत. शब्द माझेच. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मला दुसरं काही येत नाही. तेही माझंच. शिव्या घालून निघून गेला. दोन दिवसांनी परत आला, दारात उभा राहिला. मी त्याला ल्युसिएनचं सांगितलं, सगळं, न फोडलेल्या पत्रासकट. आता तो सरावाला माझ्या शेजारी उभा राहतो, लहानांना बर्फावर उलटं सरकायला शिकवतो. अजून माझ्याशी धड बोलत नाही.

वेळेत झालं, ताई. या खेपेला झालं.

दाजींना नमस्कार. माया असू दे.
ओरेस्त

वोल्यानका
१७ ऑक्टोबर १९७७

चि. ओरेस्त यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, मग दाजींना वाचून दाखवलं. ते उठून गोठ्यात जाऊन आले.

पवित्र संध्याकाळी त्या फ्रीसनला घेऊन ये. त्याच्या लोकांचा नाताळ आधीच, डिसेंबरात, होऊन गेलेला असतो, तेव्हा त्याची आई अडवणार नाही. तुझा पेला आता मी उजवीकडेच ठेवते. त्याचाही डावाच डोळा ना, ते नक्की कळव, म्हणजे त्याला कुठे बसवायचं आणि पेला कुठे ठेवायचा ते ठरवते.

वाट पाहते.
तुझी ताई