मनीशे कोण?

धुळे, मे १९८७

पंडितभाऊस,
धाकट्या झुलालचा नमस्कार.

पांझरेच्या पुरात तू गेलास, काठावर तुझी बॅट तेवढी राहिली. आई तुला गेलेला मानत नाही. मी मानतो, म्हणून हे पत्र टाकायला पेटी नाही.

खेळाचं जुनं सामान विकून मी दुकान उभं केलं. टिचकी मारली की बॅटची आतली चीरसुद्धा ऐकू येते मला. काल अंधशाळेच्या मदतीसाठी विक्री मांडली, तर आईने तुझी बॅट स्वतः आणून दिली. म्हणाली, "ठेव तठे. जेनी शे, तो लेवाले येई." ती न्यायला तू येशील, असंच तिला वाटतं.

दुपारी कोल्हापूरहून बदलून आलेल्या शिक्षिकाबाईंनी ती उचलली.

"झुलालभाऊ, ही मनीशे कोण?"

"कोण मनीषा?"

"मी बॅट उचलली की तुमच्या मागचे गृहस्थ 'मनीशे, मनीशे' करतात. आणि एवढ्या उन्हात ते ओले कसे हो? पोहून आलेत का?"

माझ्या मागे भिंत होती. बाईंना अहिराणी येत नाही, मला येते. 'मनी शे', माझी आहे, म्हणत होतास तू. चीर ऐकणाऱ्या माझ्या कानांना मात्र तुझा शब्द ऐकू आला नाही.

बॅट परत घरी आणली. आईने ती दाराशी टेकवली आणि कडी काढून ठेवली. सकाळपासून उंबरा ओला आहे, ती पुसू देत नाही. बॅटशेजारी तिने स्वतःच्या चपलाही काढून ठेवल्या आहेत.

बॅट तुझीच आहे भाऊ, घेऊन जा. आईला राहू दे.

दाराशी बसलेला,
झुलाल